आधी कोणाच्या बांधीत पाणी

मी चौथीपर्यंत शिकलो असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे चौथीच्या वर्गात बसलो होतो, एवढंच. दिवाळीच्या आधी धान कापायला लागलो आणि मग परत गेलोच नाही. तरी सही करतो, पेपर वाचतो, आणि वाचलेल्या बातमीवर बातमी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त बोलतो. हे लिहून राहिलो तेही माझ्या हातानं, दोनशे पानी वहीत. सून म्हणाली होती, मामाजी तुम्ही बोला, मी टाईप करून देते. मी नाही म्हटलं. मी बोललो की काय होते ते आमच्या घरानं एकदा पाहिलं आहे, आणि तेच मला इथं सांगायचं आहे.

सून कॉलेजात भूगोल शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, बाईचं शिकणं संपलं, आता नुसती शिकवेल. पण पहिल्याच वर्षी ती चार आठवडे नागपूरला प्रशिक्षणाला गेली. मग कुठं दोन दिवसांची कार्यशाळा, कुठं परिसंवाद, कुठं परिषद. करोनाच्या दिवसांत तर सात दिवस मोबाईलपुढं कानात बोंड्या घालून बसली होती, आणि मधून मधून भिंतीला 'येस सर' म्हणत होती. बुढी, म्हणजे माझी बायको, घाबरली. मला म्हणाली, पोरीच्या डोक्याले ताप त नाही गेला?

मी एकदा सुनेला गाठलंच.

"काय व पोरी, तुले कॉलेजवाल्यानं शिकवायले ठेवलं का शिकायले?"

"दोन्हीले, मामाजी. तुम्ही इळा दरवर्षी लोहाराकडं नेता ना धार लावायले? तसंच आहे हे."

"इळ्याले कोनी प्रमाणपत्र नाही देत."

ती हसली आणि स्कूटी काढून निघून गेली. मी जिंकलो असं समजून दिवसभर खुशीत होतो. तिच्या कपाटात ती प्रमाणपत्रं एका फाईलीत लावलेली होती, आणि त्या फाईलीत एक जागा रिकामी आहे हे मला मुलाकडून कळलं. मुलगा तिरोड्याला वीज कारखान्यात पाळीवर असतो. घरातलं सुखदुःख त्याला पाळी संपल्यावर कळते, पण हे त्याला माहीत होतं. तिची नोकरी पक्की होती. वरची पायरी मात्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी दोन आठवड्यांचं आणखी एक प्रशिक्षण पाहिजे आणि एक छापलेला शोधनिबंध पाहिजे. दोन्ही झालं की मुलाखत. लेकरू, सासू-सासरे, कॉलेज यात ती तीन वर्षं मागं पडली होती. तिच्यासोबत लागलेले सर्व पुढं गेले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, यंदा तिले थोडं सांभाळून घ्या." मी म्हटलं, मी काय तिले अडवून राहिलो का? मला काय माहीत, अडवणार मीच आहे.

निबंधासाठी तिनं विषय घेतला आपल्या गावच्या तलावाचा. जुन्या काळी तलावाचं पाणी धानाला कसं वाटून द्यायचे, ते. आमचे पूर्वज तलाव बांधणारे. या भागात आमच्या लोकांनी किती तलावांना मातीच्या बांधाच्या पाळी घातल्या त्याची गणती नाही. त्यामुळं ती कोणाकडं येणार? माझ्याकडंच. एका संध्याकाळी तिनं मोबाईल माझ्यापुढं पाटावर ठेवला, त्यावरचा लाल ठिपका दाबला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मामाजी, तलावाचं पाणी सोडलं की आधी कोणाच्या बांधीत जायचं?"

आता इथं मला थांबून खरी गोष्ट सांगावी लागते. आमच्या गावचा रिवाज असा होता. तलावातून पाणी सोडायच्या तोंडाला आम्ही तुडूम म्हणतो. तुडूम उघडला की पाणी पाटानं थेट शेवटपर्यंत जाऊ द्यायचं आणि आधी सर्वांत लांबची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, भरायची. मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. असं करत करत शेवटी तलावाजवळची. कारण जवळच्या बांधीला पाळीतून झिरपून ओल मिळतच राहते, ती थांबू शकते. लांबची थांबली तर मरते. हे पाहायला गावानं पाणकर नेमलेला असे. तो सांगेल तसं. आमची बांधी पाळीला अगदी लागून. म्हणजे आमचा नंबर सर्वांत शेवटी.

आणि बावीस वर्षांचा असताना मी तो नंबर तोडला होता. एका भादव्यात, भर दुपारी, पाणी खाली चाललेलं पाहून मला राहवलं नाही. पाटात चिखल आणि पळसाची पानं कोंबली आणि पाणी आमच्या बांधीत वळवलं. पाणकरानं पकडलं. पंचांपुढं उभं केलं. पुढं जे झालं ते मी लग्नानंतर बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. त्याला पन्नास वर्षं झाली. त्या वेळचे बहुतेक लोक गेले, आणि मला वाटलं गोष्टही गेली.

तर सुनेचा प्रश्न नेमका त्या जागी येऊन पडला. लाल ठिपका जळून राहिला होता. मी म्हटलं, "आमच्या."

"तुमच्या? पाळीजवळच्या? काऊन?"

"मान होता."

"कशाचा मान?"

एवढं खोटं बोललो, आता त्याच्याभोवती अख्खा रिवाज बांधावा लागला. मी म्हटलं, तलावाचा पहिला दगड आमच्या पणज्यानं ठेवला होता. म्हणून पाणी वरून खाली जायचं आणि पहिलं आमच्या बांधीत. सून चटचट लिहून घेत होती. दुसऱ्या संध्याकाळी पणज्याच्या जोडीला पूजा आली. तिसऱ्या संध्याकाळी पूजेला नारळ आणि वाजंत्री आली. चौथ्या संध्याकाळी तर पणजा दगड ठेवायच्या आधी तीन दिवस उपाशी होता. आता वाटते पाचवी संध्याकाळ असती तर तलावच त्यानं एकट्यानं खोदला असता.

बुढी चुलीजवळून ऐकत होती. ती दुसऱ्या गावची, तिला काही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "एवढा मान होता त मले आजवर काऊन नाही सांगतला? मी त तुमच्या बांधीत चिखलच पाह्यला."

सून नागपूरच्या परिषदेत निबंध वाचून आली. लोकांना फार आवडला म्हणे. परिषदेच्या पुस्तकात छापायला घेतला. मी पानठेल्यावर जाऊन उभा राहिलो.

"माहं बोलनं नागपूरले वाचलं."

ठेलेवाला म्हणाला, "क्या बोला ऐसा?"

"तलावाबद्दल. इंग्रजीत आहे, तुले नाही समजत."

"अना तुले समजते का गा?" बाजूला बसलेला एक जण म्हणाला.

"माहंच त बोलनं आहे! मले काऊन नाही समजत?"

इंग्रजीचा मला एवढा आधार कधी वाटला नव्हता. गावात कोणी ते वाचणार नव्हतं, मी सुखी होतो.

मग सून दुसऱ्या प्रशिक्षणाला गेली, तेच दोन आठवड्यांचं. चौथ्या की पाचव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज असा की मी ओळखलाच नाही, दहावी पास झालेल्या पोरीसारखा. त्या प्रशिक्षणाच्या प्रमुख बाईंनी तिचा निबंध वाचला होता. एक दिवस सर्वांना बाहेर न्यायचं ठरलं होतं, आणि बाई म्हणाल्या की आपण तोच तलाव पाहू आणि त्या आजोबांच्याच तोंडून ऐकू. तीस प्राध्यापक बसनं आपल्या गावात येणार होते.

"मामाजी, तुम्ही फक्त मला सांगितलं तसंच सांगा."

मी म्हटलं, "पोरी, त्याहीले नवेगावबांधले घेऊन जा. तथं तलाव मोठा आहे, पाखरं आहेत. आपल्या डबक्यात काय पाह्यतील?"

"डबकं? मामाजी, तुम्हीच त म्हणले तीन दिवस उपाशी..."

"ते आहे. पन रस्ता खराब आहे."

"रस्ता मागच्या वर्षी नवा झाला."

फोन ठेवला आणि मी गावातले म्हातारे मोजत बसलो. खरं माहीत असलेले तीन उरले होते. दोघांना पाळीपर्यंत चालवत नव्हतं. तिसरी म्हणजे त्या पाणकराची बायको. पाणकर जाऊन खूप वर्षं झाली, ही अजून टणक. घर पाळीच्या अगदी खाली. मी तिला वहिनी म्हणतो. गेलो तिच्याकडं.

"वहिनी, बुधवारी काही लोक येऊन राह्यले तलावावर. तू त्या दिवशी लेकीकडं जाऊन येशीन का?"

"काऊन?"

"अशीच. बदल होईल."

"मले काय रोग झाला बदल कराले? माह्या दारासमोर पाळ आहे, तमाशा माह्या दारासमोर, अना मी जाऊ लेकीकडं? काय करून ठेवलं तू?"

"काही नाही."

"तुह्या 'काही नाही'ले मी पन्नास वर्सापासून ओरखतो. नवऱ्यानं तुले पकडला तवाही तू हेच म्हनला होता."

मी उठून आलो. त्या चार दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही, पण धोतर मात्र मी दोनदा नीळ घालून धुऊन घेतलं. घाबरलेलो असलो तरी मळका घाबरलेला दिसू नये, एवढं मला कळते.

बुधवारी बस आली. तीस जण उतरले. गळ्यात पाट्या, डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात फाईली. आधी हजेरी झाली. मला फार बरं वाटलं, एवढी मोठी माणसं 'हजर' म्हणताना पाहून. मग पोहे खाल्ले आणि सर्व पाळीवर सतरंज्यांवर बसले. सुनेनं माझी ओळख करून दिली. प्रमुख बाईंनी मला शाल दिली, नारळ दिला. वहिनी आपल्या घरातून पिढा घेऊन आली आणि बरोबर माझ्या समोर बसली.

मी बोललो. मानाचं बोललो, पणज्याचं बोललो, पण वहिनीकडं पाहून उपास तीन दिवसांवरून एका दिवसावर आणला. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. मला वाटलं, निभलं.

तेवढ्यात मागून एक सर उठले. चंद्रपूरकडचे होते. म्हणाले, "आजोबा, माफ करा. आमच्या भागातल्या तलावांवर मी उलटं ऐकलं आहे. आधी शेवटच्या शेताला पाणी, मग वर. तुम्ही सांगता तसं केलं तर खालच्याला काहीच उरत नाही. मॅडम, तुमच्या निबंधात माहिती तपासायची राहिली असं वाटतं."

मी तोंड उघडणार होतो, पण त्याआधी सून बोलली. मान ताठ, आवाज शांत. "सर, मी पुस्तकातून नाही घेतलं हे. माझ्या मामाजींनी स्वतः सांगितलं आहे. त्यांच्या घराचा मान होता. ते उगाच बोलत नाहीत."

तिनं एवढ्या लोकांपुढं माझ्यासाठी भांडावं, असं मी तिच्यासाठी काय केलं होतं? तिच्या शिकण्याची मी टिंगल केली होती. आणि आता ती माझं खोटं आपल्या नावावर घेऊन उभी होती. मला वहिनीकडं पाहायची हिंमत झाली नाही, तरी पाहिलं. ती म्हणाली, "मले नका विचारू बापा. यालेच विचारा. या पाटाची जेवढी ओरख याले आहे तेवढी कोनालेच नाही."

मी म्हटलं, "सर बरोबर बोलून राह्यले."

सून वळली. "काय, मामाजी?"

"पानी आधी खालच्या बांधीत जाये. आमची बांधी सर्वाइच्या शेवटी. मान-फान काही नव्हता."

मग सर्व सांगितलं. चिखल, पळसाची पानं, पंच, आणि माझी शिक्षा. पंचांनी ठरवलं की धानाचं पाणी सुटेल त्या प्रत्येक दिवशी मी तुडमापासून पाट साफ करत जायचं, पाण्याच्या पुढं पुढं चालायचं, शेवटच्या बांधीपर्यंत, आणि तिथं उभं राहून त्या मालकाला मोठ्यानं सांगायचं की तुझं पाणी आलं. आणि परत येताना प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, लोक उभे. कोणी म्हणे, "का गा, अडवत नाहीस का आज?" कोणी म्हणे, "जरासा चिखल देऊ का?" आणि हसणाऱ्यांत सर्वांत मोठ्यानं ही वहिनी, तेव्हा नवी नवरी होती.

लोक हसले. मीही हसलो. सून हसली नाही.

प्रमुख बाईंनी विचारलं, "आजोबा, तुडमापासून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचायला किती वेळ लागायचा?"

"सहा बिड्या," मी म्हटलं. "पाट साफ असंल त. कचरा असंल त आठ."

तिसांचे तीस खाली मान घालून लिहायला लागले. चार संध्याकाळ पणज्याला उपाशी ठेवून सांगितलं त्यातलं एक अक्षर कामाचं नव्हतं, आणि हे एका दमात उतरवून घेतलं.

पण निघायच्या वेळी मी ऐकलं. बसजवळ एक बाई सुनेला हळूच म्हणत होत्या, "जाऊ द्या हो मॅडम. पुस्तकात छापलं तर छापलं, कोण येतं तपासायला? मुलाखत पुढच्या महिन्यात आहे तुमची." सुनेनं नुसती मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मला दिसलं नाही. ती त्याच बसनं परत गेली, कारण प्रशिक्षणाचे दिवस बाकी होते.

पाच दिवसांनी घरी आली. पिशवी ठेवली. म्हणाली, "निबंध मागं घेतला मी. तसं पत्र पाठवलं."

"मंग मुलाखत?"

"यंदा नाही."

एवढंच. आत गेली आणि पोराचा अभ्यास घ्यायला बसली. बुढी माझ्यापुढं ताट आपटून म्हणाली, "जेवा. मानकरी."

आता माफी मागायला पाहिजे होती हे मलाही कळत होतं. पण माफी मागणं मला येत नाही. ते बहुतेक पाचवीत शिकवत असतील. मी आठ दिवस तिच्यासमोर खाकरत फिरलो, तिची स्कूटी पुसून ठेवली, आणि तिनं 'राहू द्या' म्हटलं की तोंड वर करून निघून गेलो. मग एका रविवारी मी वहिनीला आणि त्या दोन न चालणाऱ्या म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून अंगणात आणलं. बसवलं. सुनेला हाक मारली, "मोबाईल आन व पोरी. माह्यासाठी नाही, याहीच्यासाठी."

"मामाजी, मला पेपर तपासायचे आहेत."

म्हातारे चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आणले. त्यातला एक म्हणाला, "चहा बरा असते तुह्या घरी, पन काम काय आहे?" त्या दिवशीही ती आली नाही. तिसऱ्या रविवारी मी हाक मारलीच नाही. तिनंच आतून मोबाईल आणला, वहिनीपुढं ठेवला आणि मला म्हणाली, "तुम्ही तिकडं लांब बसा. मधात बोलायचं नाही."

मी लांब बसलो. सुनेनं शिकवलेल्या वर्गात मी बसलो तो तेवढाच.

नवा निबंध तिनं मराठीत लिहिला. म्हणाली, गावातल्यांना तपासता आला पाहिजे. पाठवायच्या आधी तिनं तो आमच्या अंगणात मोठ्यानं वाचला. म्हातारे मधून मधून 'बरोबर' म्हणत होते. माझ्या शिक्षेवर आली तेव्हा तिनं वाचलं, "ही शिक्षा एक महिना चालली."

मी लांबूनच म्हटलं, "महिना नाही. पुरा हंगाम."

"महिनाच होता गा," पहिला म्हातारा म्हणाला.

"महिना," दुसरा म्हणाला. "मले पक्का आठवते."

"कोन चालला पाटातून? तू का मी? हंगाम होता!"

मी अडून बसलो. उभा राहिलो, काठी आपटली. घरादाराचं खोटं मोठेपण मी चार संध्याकाळ सांगितलं तेव्हा कोणी अडवलं नाही, आणि आता एक खरी गोष्ट, तीही माझ्या फजितीची, तिच्यातले दिवस हे कमी करून राहिले होते. शेवटी वहिनी म्हणाली, "हंगाम होता. दसरा झाला तरी हा पाटातच होता." सुनेनं माझ्याकडं पाहिलं, महिना खोडला आणि हंगाम लिहिला.

यंदा तो निबंध छापून आला आणि ती मुलाखतीला गेली. वरची पायरी मिळाली. मुलाखतीत एका साहेबांनी तेच पान उघडून विचारलं म्हणे, हा पाणी अडवणारा शेतकरी तुम्हाला भेटला कुठं?

"मंग तू काय सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं, माझे सासरे आहेत."

"अना ते काय म्हनले?"

"हसले."

"लय हसले?"

"लय नाही, मामाजी. थोडेसे," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.